मा. वनमंत्री, दिवाळीपर्यंत थांबायचं ठरलं होतं

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सविनय नमस्कार.

मी विदर्भातला कोरडवाहू शेतकरी. पाच एकर जमीन, चार म्हशी. गावाला लागून तुमच्या खात्याचं कुरण आहे. गेल्या उन्हाळ्यात ग्रामसभेत तुमच्या खात्याचे इथले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बी झडल्याशिवाय, म्हणजे दिवाळीआधी, गवताला विळा लागणार नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. या सोमवारी, पोळा होऊन पंधरा दिवसही झाले नसताना, ठेकेदाराचा ट्रॅक्टर कुरणात शिरला. हिरवं गवत वजनाला भरतं ना!

मी धावत पोचेपर्यंत निम्मं कुरण भुईसपाट झालं होतं. यंत्र कडेनं गोल गोल फिरत आत चाललेलं. अशा कापणीत ससे, लावे, तित्तर मधोमध कोंडतात. उघड्यावर पळायची हिंमत होत नाही, दबून बसतात आणि पात्यात सापडतात. आडव्या गवताखाली मला तीन हिरवट-तपकिरी अंडी दिसली. दोन फुटलेली, तिसरं हाताला अजून कोमट लागलं. याच जागी जुलैपासून तणमोराचा नर उड्या मारत होता. गवतावरून मादीला दिसावं म्हणून तो दिवसातून शेकडो वेळा उडतो. ती खाली जमिनीवर तीन आठवडे अंडी उबवते. साऱ्या देशात हे पाखरू आता हजारभर तरी उरलं असेल का? आणि त्याच्या विणीच्या ऐन दिवसांत तुम्ही कुरणात यंत्र घालता!

काढणीला आलेलं सोयाबीन सोडून मी तीन दिवस कचेरीत खेटे घातले. घरी बायको एकटी म्हशींचं करत होती, तिची कंबर धरली. पहिले दोन दिवस साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत बाकड्यावर बसवून सांगितलं, "गवतच तर आहे, पुन्हा येईल." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुन्हा येईल, पण काय येईल? पवन्या, मारवेल ही चाऱ्याची गवतं बी टाकायच्या आधीच दरवर्षी कापली, तर चार-पाच वर्षांत कुसळी आणि तरोटा उरतो. त्याला म्हैस तोंड लावत नाही. माझे वडील याच कुरणात विळ्यानं कापायचे. चार बोटं बूड ठेवायचे, मधेमधे पट्टे उभे सोडायचे, घरटं दिसलं की वळसा घालायचे. कापूच नका असं मी म्हणतच नाही. न कापलेलं जुनं गवत नव्याला गुदमरवतं आणि उन्हाळ्यात वणव्याला आमंत्रण देतं. मागणी एवढीच आहे: बी झडल्यावर कापा, मधून सुरू करून कडेला या म्हणजे जनावरांना पळायला वाट राहील, आणि दरसाल तिसरा हिस्सा पाळीपाळीनं उभा ठेवा. याला कसला निधी लागतो?

पण सरकारच्या कागदावर माळ म्हणजे पडीक. झाड असेल तरच जंगल, हे तुमच्या डोक्यात घट्ट बसलंय. 2019 साली 33 कोटी झाडांचं लक्ष्य होतं, तेव्हा आमच्याही माळावर खड्डे मारले. रोपं केव्हाच वाळली, खड्डे आहेत. 1979 साली सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलंत, आज तिथं माळढोक दिसायची मारामार. आता उरलेल्या माळांवर सोलरवाल्यांची नजर. काळवीट, लांडगा, खोकड यांनी जायचं कुठं? मेंढपाळानं शेळी आत घातली तर दंडाची पावती लगेच फाटते. ठेकेदाराची पावती कोण फाडणार, साहेब?

उरलेलं निम्मं कुरण येत्या सोमवारी कापणार असं ट्रॅक्टरवाल्यानंच मला सांगितलं. त्याआधी लेखी आदेश काढा. त्या दिवशी सकाळपासून मी कुरणाच्या फाटकात उभा असेन, बायकोही येते म्हणाली आहे.

आपला,
कुरणाकाठचा एक शेतकरी