तलावातली कयाक खाडीत नेताना

महोदय,

पाऊस सरला, पाणी निवळले की मालवण-कुडाळ परिसरात टपावर कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी) बांधलेल्या गाड्या दिसू लागतात. या भागात दोन अगदी वेगळी पाणी जवळजवळ आहेत. एक धामापूरचा तलाव, १५३० साली बांधलेला आणि २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळालेला. दुसरी नेरूरपारच्या पुलाखालून देवबागकडे जाणारी कर्ली खाडी. तलावात वारा नसेल तर कयाक सोडाल तिथे थांबते. खाडीत ती थांबत नाही. कुठल्याही लहान तलावावर चार रविवार सराव करून थेट खाडीत गळाने मासे गरवायला उतरणाऱ्यांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही, म्हणून हे पत्र.

पहिला मुद्दा नांगराचा, कारण सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. तलावात दीड किलोचा घडीचा नांगर बसायच्या जागेशेजारच्या कडीला बांधला तरी निभावते. खाडीत ओहोटीच्या ओढीत हेच केले, की कयाक प्रवाहाला आडवी होते, ताणलेली दोरी तिची कड पाण्याखाली खेचते आणि सावरायला वेळ मिळण्याआधी ती उलटते. नांगराची ओढ कयाकच्या पुढच्या किंवा मागच्या टोकावरच यायला हवी. त्यासाठी एका बाजूला दोन छोट्या कप्प्या बसवतात, एक पुढच्या टोकाला, एक मागच्या. त्यांवरून दोरी फिरवायची आणि त्या दोरीत एक कडी. नांगराची दोरी या कडीतून ओवायची, नांगर टाकायचा आणि बसल्या जागेवरून दोरी ओढून कडी टोकाला न्यायची. नांगराची दोरी ६ मिलिमीटर जाडीची पुरते. स्थिर पाण्यात ती खोलीच्या तिप्पट सोडावी, वाहत्या पाण्यात पाचपट तरी. आखूड दोरीने नांगर रुतण्याऐवजी वर उचलला जातो आणि घसरत राहतो.

दोरीचे शेवटचे टोक कयाकला गाठ मारून बांधू नये. हाताच्या एका झटक्यात सुटेल असे अडकवावे आणि त्या टोकाला जाळ्याचा एखादा बोया बांधून ठेवावा. नांगर तिवराच्या मुळांत अडकला आणि ओढ वाढली, की दोरी सोडून द्यायची. बोया तरंगत राहतो, पाणी शांत झाल्यावर नांगर परत मिळतो. चाकू अंगातल्या लाइफ जॅकेटला लावलेला हवा, डब्यात ठेवलेला चाकू वेळेवर हाताला लागत नाही. कमरेएवढ्या पाण्यात तर आठ फुटी बांबू नांगरापेक्षा कितीतरी चांगला. चिखलात रोवायचा आणि मागच्या टोकाच्या दोरीला अडकवायचा. आवाज होत नाही, मासा बिचकत नाही.

भरतीची वेळ काढायची आपली जुनी रीत नव्या पिढीच्या हातून सुटते आहे, याचे वाईट वाटते. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. त्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून सव्वासहा तासांनी सुकती. हा ठोकताळा आहे, अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघावी. शिवाय मुखापाशी पाणी उतरू लागले तरी खाडीत आतवर ते काही वेळ चढतच असते, तेव्हा किनाऱ्याची वेळ आत जशीच्या तशी लागू होत नाही.

पाण्याला सर्वांत जास्त ओढ असते ती ओहोटीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात. सामान भरलेली कयाक माणूस तासाला चारेक किलोमीटरने वल्हवतो. उधाणाला तेवढा वेग पाण्यालाही येऊ शकतो, मग वल्ही मारूनही माणूस जागच्या जागी. नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले, दिवस निवडावेत. जाताना प्रवाहाविरुद्ध जावे, येताना प्रवाह सोबत घ्यावा. दुपारी वारा समुद्राकडून आत येतो आणि तेव्हा ओहोटी असेल तर पाणी बाहेर जात असते. दोन्ही समोरासमोर आले की मुखाकडे आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी आरशासारखी दिसलेली खाडी बारानंतर ओळखू येत नाही.

मासा लागण्याची उत्तम वेळ ओहोटीचा शेवटचा टप्पा. तिवरांतले पाणी फाट्यांतून बाहेर येते, त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी येते आणि तोंडाशी तांबोशी, चोणक टपून असतात. पण नेमक्या याच वेळी लोक त्या फाट्यात आत शिरतात आणि पाठीमागे वाट कोरडी पडते. मग पुढची भरती येईपर्यंत काही तास उन्हात. अशा वेळी उतरून कयाक ओढायला जाऊ नये. चिखलात पाय मांडीपर्यंत जातो, आत कालवांच्या धारदार शिंपा असतात आणि शेपटीत काटा असलेले पाकटही असू शकते. कयाकवरच बसून राहावे. दोन लिटर पाणी आणि टोपी सोबत घ्यायची ती यासाठी.

तलावात मरळ लागली तर ती कयाकला थोडी ओढून नेते आणि त्यातच दमते. तांबोशीचे तसे नाही. ती आमिष घेते आणि वळून थेट मुळांत शिरते, मुळांवरच्या कालवांनी दोरा कापला जातो. कयाक मोकळी असेल तर तीही झाडाखाली ओढली जाते. म्हणून आधी बांबू रोवून कयाक अडवावी, गळाजवळचा शेवटचा दोरा तीस-चाळीस पाउंड ताण सोसणारा ठेवावा आणि रिळाचा ड्रॅग (दोरा सुटण्याला होणारा अडथळा) तलावापेक्षा कसलेला असावा. शेंगटी लागली तर तिला उघड्या हाताने धरू नये. पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे विषारी असतात. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-एक तास बुडवून ठेवावा, मग डॉक्टरकडे जावे. गळाचे उलटे टोक पकडीने आधीच दाबून टाकले तर माशाच्या तोंडातून आणि स्वतःच्या बोटातूनही गळ सहज निघतो.

तलावावरही एक गोष्ट पाळायला हवी. मरळीची पिल्ले नारिंगी-तांबड्या रंगाची. ती शेकड्यांनी एकत्र राहतात आणि हवा घ्यायला एकदम वर येतात. त्या ओंजळभर जागेत पाऊस पडल्यासारखे पाणी फुटते. त्यांच्या खालीच आई-बाप राखण करत असतात आणि समोर येईल त्यावर तुटून पडतात. तिथे बेडकाचे आमिष टाकले की मरळ हमखास लागते, पण मागे राहिलेली पिल्ले इतर मासे खाऊन टाकतात. अशा जागी गळ टाकूच नये. शिवाय अनेक तलावांतल्या मासेमारीचा ठेका स्थानिक सहकारी संस्थेकडे असतो, काही पाणी पिण्यासाठी राखीव असते. आधी ग्रामपंचायतीत विचारावे.

जॅकेट सीटमागे ठेवून उपयोग नाही. कयाक उलटली की वाऱ्याबरोबर ती निघून जाते आणि जॅकेटही. अंगात घालून पट्टे आवळल्यावर दुसऱ्याला खांद्यापाशी उचलायला सांगावे. हनुवटीवर आले तर ते सैल आहे. तलावाचा खरा उपयोग इथे होतो. मुद्दाम कयाक उलटवावी, सरळ करावी, पोट टेकून पाय मारत आडवे चढावे आणि मग वळून बसावे. हे सलग पाच वेळा जमेपर्यंत खाडीचे नाव काढू नये.

पर्यटकांना कयाक भाड्याने देणाऱ्यांना आणि खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना विनंती आहे. धक्क्यावर एक फळा लावावा आणि रोज सकाळी त्यावर खडूने भरतीची वेळ, सुकतीची वेळ आणि आज उधाण की भांग एवढेच लिहावे. ज्याच्या अंगात जॅकेट नाही त्याच्या हातात वल्हे देऊ नये.

एक वाचक, मालवण