उघड्या माळावरच्या आकाशदर्शनाला मंगल कार्यालयाचे नियम लावू नका

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन (आपत्ती व्यवस्थापन),
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : १२ ते १४ डिसेंबर २०२० या काळातील विभागीय आकाशदर्शन मेळाव्यांसाठी परवानगी आणि स्वतंत्र कार्यपद्धती

महोदय,

स.न.वि.वि.

येत्या १३ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड्स उल्कावर्षाव ऐन भरात असेल. त्याचा उत्कर्ष १४ तारखेच्या पहाटे, भारतीय वेळेनुसार सहा-सव्वासहाच्या सुमारास अपेक्षित आहे आणि १४ ला सोमवती अमावास्या आहे. वर्षातला सर्वांत भरवशाचा उल्कावर्षाव, चंद्राचा अडथळा नाही, सोयीची पहाट आणि शनिवार-रविवारला लागून आलेली रात्र, असा योग फार क्वचित जुळतो. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तेव्हापासून या राज्यात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा अखंड चालू आहे. कोरोनाच्या साथीमुळे मार्चपासून मात्र एकत्र येऊन केलेली निरीक्षणे जवळपास बंद आहेत. मेळावा भरवावा की नाही, यावर आमच्यातही मतभेद होते. जागा, माणसे आणि साधने यांचा हिशोब मांडल्यावर तो सुरक्षितपणे भरवता येईल या निष्कर्षावर आम्ही आलो. तो हिशोब आपल्यासमोर ठेवत आहोत.

अडचण परवानगीच्या पातळीवर आहे. आकाशदर्शनाचा अर्ज आला की तो लग्न, सभा, स्नेहसंमेलन यांच्या रकान्यात बसवला जातो आणि ५० माणसांचा नियम लावून तरी मंजूर होतो, नाहीतर रात्रीचा कार्यक्रम म्हणून सरळ नाकारला जातो. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबरच्या आदेशात बंदिस्त सभागृहासाठी निम्मी क्षमता आणि कमाल २०० अशी मर्यादा आहे. मोकळ्या जागेबाबत मैदानाचा आकार पाहून संख्या ठरवावी, असे म्हटले आहे. आमचे मागणे याच तत्त्वावर आहे. डोकी मोजण्याआधी जागा मोजा आणि धोका जिथे खरा आहे तिथे नियम कडक करा.

जागेपासून सुरुवात करतो. एका एकरात सुमारे ४,००० चौरस मीटर जागा असते. आमचा प्रस्ताव एकरी जास्तीत जास्त ६० माणसांचा आहे आणि ही माणसे घरोघरच्या गटांनी येतील, म्हणजे साधारण २० गट. प्रत्येक गटाला १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन, दुर्बीण मधोमध. यात निम्मी जागा जाते. उरलेली तंबू, वाटा आणि स्वच्छतागृहांना पुरते. वाहनतळ या हिशोबात धरलेला नाही, तो वेगळा आणि बाहेर. चौकोन दोरीने आखू नयेत, अंधारात पाय अडकून माणूस पडतो. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारावी. डोळे अंधाराला सरावले की चुन्याची पांढरी रेघ नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही दिसते.

मोकळी हवा आहे म्हणजे धोका नाही, असे आम्ही म्हणत नाही. डिसेंबरमधल्या निरभ्र रात्री वारा बहुधा पडलेला असतो. जमीन लवकर थंड होते, गार हवा खोलगट जागी साचते आणि तिथे धूर किंवा श्वासाची वाफ बराच वेळ तरंगत राहते. निरीक्षणाला उत्तम असलेली शांत हवा संसर्गाच्या दृष्टीने मात्र तितकी चांगली नसते. म्हणून बशीसारखी जागा, तलावाकाठ आणि दरीचा तळ टाळावा. सडा (डोंगरावरचे कातळी पठार) किंवा चढावरचा माळ निवडावा. तिथे दवही कमी पडते, त्यामुळे दुर्बिणींच्या दृष्टीनेही जागा तीच बरी. एक अवांतर सूचना : नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. लॅपटॉप, कॅमेरे आणि मोबाइल तिच्या कामात व्यत्यय आणतात, त्यामुळे तिच्या आसपासचा माळ कितीही मोकळा असला तरी तो मेळाव्यासाठी देऊ नये.

आता मुख्य प्रश्न, दुर्बिणीचा. उल्का पाहायला दुर्बीण लागत नाही. आपापल्या सतरंजीवर, आपापल्या घोंगडीत आडवे पडून उघड्या डोळ्यांनी पाहायचे असते. दोन डोक्यांत दोन मीटर अंतर ठेवले आणि सगळ्यांची डोकी एकाच दिशेला केली की झाले. पण रात्र मोठी असते आणि माणसे दुर्बिणीकडे वळणारच. एका आयपीसला (दुर्बिणीच्या ज्या भिंगाला डोळा लावतात त्याला) रात्रभरात पन्नास डोळे लागतात, हा नेहमीचा प्रकार यंदा पूर्ण बंद असला पाहिजे. प्लॉसल प्रकारच्या १० मि.मी.च्या आयपीसमध्ये पूर्ण दृश्य दिसायला डोळा काचेपासून जेमतेम सात-आठ मि.मी.वर न्यावा लागतो. पापण्या काचेला घासतात, गाल रबरी कडेला टेकतो आणि त्याच बोटांनी पुढचा माणूस फोकस फिरवतो.

मग सॅनिटायझर मारा, असे सुचवले जाते. ते करू नये. हातावर चोळायच्या सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, त्याचा चिकट थर काचेवर बसतो. फवारा भिंगांच्या फटीतून आत शिरला तर आयपीस उघडूनच साफ करावा लागतो. ब्लीचच्या पाण्याने काचेवरचा लेप आणि धातू दोन्ही खराब होतात. धुळीच्या माळावर काच दर दोन मिनिटांनी पुसली तर लेपावर ओरखडे उठतात. अतिनील दिव्याच्या पेट्याही या कामाच्या नाहीत. ते किरण सावलीत पडलेल्या भागापर्यंत पोचत नाहीत आणि डोळ्यांना घातक असतात.

म्हणून नियम एकच हवा : एका घराची एक दुर्बीण. ज्यांच्याकडे दुर्बीण नाही त्यांनी पडद्यावर पाहावे. तारे आपोआप अनुसरणाऱ्या मोटारच्या बैठकीवर दुर्बीण ठेवायची, आयपीसच्या जागी कॅमेरा लावायचा आणि चित्र तीन-चार मीटर लांबीच्या तारेने मॉनिटरवर आणायचे. शार्पकॅपसारख्या संगणक प्रणालीत दहा-पंधरा सेकंदांची चित्रे एकावर एक रचत गेले की चार-पाच मिनिटांत मृग नक्षत्रातला तेजोमेघ रंगांसह दिसू लागतो. मॉनिटरवर लाल जिलेटिन कागदाचे दोन थर लावावेत, नाहीतर शेजारच्या गटांची रात्र वाया जाते. (असा कागद लावल्यावर रंग दिसत नाहीत, म्हणून रंगीत चित्र नंतर सर्वांच्या मोबाइलवर पाठवावे.) मॉनिटरसमोर एका वेळी चार माणसे, अर्धवर्तुळात, फक्कीच्या खुणेवर. मोटार नसलेली डॉब्सोनियन दुर्बीण या कामाला चालत नाही. अर्ध्या अंशाच्या दृश्यक्षेत्रातून तारा दोन मिनिटांत निघून जातो, चालकाला सतत दुर्बीण सरकवावी लागते आणि चित्रे एकावर एक बसत नाहीत.

एखाद्याला डोळा लावून दाखवायचेच झाले तर २५ किंवा ३२ मि.मी.चा आयपीस लावावा. त्यात डोळा दीड-दोन सेंटीमीटर लांब ठेवूनही दिसते आणि चष्मा काढावा लागत नाही. कृत्तिका आणि देवयानीतली दीर्घिका यांना कमी विशालनच हवे असते. रबरी कड दुमडून ठेवावी, प्रत्येकानंतर ती ७० टक्के अल्कोहोलच्या पुसणीने पुसावी आणि वाळू द्यावी. काचेला हात लावू नये. फोकस फक्त चालकाने करावा.

मास्क लावून आयपीसवर वाकले की श्वास नाकाच्या बाजूने वर येतो आणि काच धुरकटते. मग माणूस मास्क खाली ओढतो, आणि नेमके तिथेच सगळे फसते. नाकावरची तार नीट दाबावी आणि वरच्या कडेला मायक्रोपोर पट्टी लावावी. झडपेचा एन-९५ चालणार नाही. आरोग्य मंत्रालयाने जुलैमध्येच त्याविरुद्ध सूचना दिली आहे, कारण झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. फेस शिल्डमधून आयपीसला डोळा लावता येत नाही. दवाने मास्क ओला होतो, म्हणून माणशी रात्रीला तीन मास्क धरावेत.

प्रवेशावरची तपासणी सूर्यास्तापूर्वी, साडेपाचपर्यंत संपली पाहिजे. रात्री थर्मल गनचा उपयोग नाही. गार हवेत कपाळाची त्वचा थंड पडते आणि तापातल्या माणसाचाही आकडा कमी येतो. गन गाडीतून नुकतीच बाहेर काढली असेल तर आणखी चुकतो. ऑक्सिमीटरही गारठलेल्या बोटावर ऑक्सिजन खोटा कमी दाखवतो. शिवाय पांढऱ्या प्रकाशाने डोळ्यांचे अर्ध्या तासाचे सरावणे क्षणात जाते. त्यामुळे लक्षणांची विचारपूस आणि नोंद उजेडातच करावी. नोंदवहीत नाव, फोन, गट आणि चौकोनाचा क्रमांक एवढेच असावे. ती ३० दिवसांनी नष्ट करावी.

मेळाव्यात संसर्ग पसरलाच तर तो आकाश पाहताना पसरण्याची शक्यता कमी, पहाटे तीनला जास्त. उघड्या माळावर पारा १० अंशांच्या आसपास आला की तयारीनिशी न आलेली माणसे शाळेच्या खोलीत शिरतात, दारे-खिडक्या लावून रांगेने झोपतात. हे थांबवायचे तर खोली उपलब्धच असू नये. प्रत्येक घराचा स्वतःचा तंबू किंवा गाडी, दोन तंबूंत तीन मीटर, आणि अंथरूण-पांघरूण पुरेसे नसेल त्याला प्रवेशावरच परत पाठवावे. शेकोटीही नको. तिच्याभोवती माणसे खांद्याला खांदा लावून बसतात, धुराने आकाश गढूळ होते आणि सॅनिटायझर लावलेले ओले हात आगीजवळ नेणे धोक्याचे असते.

चहाचेही तसेच आहे. बारा वाजता पातेल्याभोवती मास्क उतरवून घोळका होतो. प्रत्येकाने थर्मास आणावा. रात्रीचे जेवण गावातल्या बचत गटाकडून बांधून घ्यावे, भाकरी, पिठले, ठेचा अशा पुड्या सातच्या आत चौकोनांवर पोचत्या कराव्यात आणि तिथेच खाव्यात. यातून यजमान गावाला चार पैसे मिळतात आणि आमची माणसे गावात फिरत नाहीत. शहरातून आलेल्यांकडून गावाला लागण होऊ नये ही जबाबदारी आमची आहे. म्हणून ग्रामपंचायतीची लेखी संमती नसेल तिथे मेळावा घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ६० माणसांना चार तरी स्वच्छतागृहे, साबण आणि वाहते पाणी, तिथल्या दिव्यांना लाल जिलेटिन.

बस करून येण्याची प्रथा यंदा बंद. थंडीत काचा लावलेली गाडी ही पूर्ण मेळाव्यातली सर्वांत वाईट जागा आहे. स्वतःच्या घरच्यांसह स्वतःच्या वाहनाने यावे. गोव्याहून येणाऱ्यांना विमान किंवा रेल्वेने यायचे असेल तर २५ नोव्हेंबरपासून आरटी-पीसीआर अहवाल लागतो. तो अहवाल असला तरी बाकीचे नियम त्यांनाही तसेच लागू राहावेत, कारण नमुना दिल्यानंतरही लागण होऊ शकते. ६५ वर्षांवरचे आणि १० वर्षांखालचे यांनी घरी थांबावे, ही शासनाची सूचना आम्ही पाळू. हे सोपे नाही, आमच्यातले सर्वांत जाणते निरीक्षक याच वयाचे आहेत. त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच व्याख्याने आधीच्या आठवड्यात ऑनलाइन घ्यावीत. माळावर व्याख्यान, उद्घाटन आणि सत्कार काहीही नको.

रात्रीची संचारबंदी लागू झाली तरी हा कार्यक्रम तिच्या आड येत नाही. सर्वजण सूर्यास्तापूर्वी येतात आणि सकाळी सातनंतर निघतात. मधे कुणाचीही ये-जा नसते. हेडलाइटचा झोत नको म्हणून हा नियम आम्ही एरवीही पाळतो. अपवाद फक्त आजारी माणसाचा. त्यासाठी एक गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी असावी, जवळचे ग्रामीण रुग्णालय आधी ठरलेले असावे आणि मोबाइलची रेंज कुठे मिळते ती जागा सर्वांना दाखवलेली असावी, म्हणजे १०८ ला फोन लागेल.

२१ डिसेंबरच्या गुरू-शनी युतीबद्दल आमचे मत अगदी वेगळे आहे. त्या संध्याकाळी हे दोन ग्रह चंद्रबिंबाच्या साधारण पाचव्या भागाइतके जवळ दिसतील. १६२३ नंतर ते इतके जवळ आलेले नाहीत. पण ते नैर्ऋत्येला खाली असतील आणि सूर्यास्तानंतर जेमतेम दीड तास नीट दिसतील. इतक्या थोड्या वेळात मोठी गर्दी एकेका दुर्बिणीमागे उभी राहिली तर वर लिहिलेला एकही नियम टिकणार नाही. त्या दिवशी सार्वजनिक दुर्बीण-दर्शनाला कुठेही परवानगी देऊ नये, आम्हालाही नाही. युती साध्या डोळ्यांनी गच्चीवरून दिसते. थेट प्रक्षेपण आम्ही करू.

आपल्याकडे मागणे एवढेच : रात्रभर एका जागी थांबणाऱ्या, उघड्यावरच्या विज्ञान उपक्रमांना 'सभा-समारंभ' यातून वगळून एकरी ६० ची मर्यादा द्यावी, परवानगी तहसीलदार स्तरावर एकाच अर्जावर मिळावी आणि तिची प्रत पोलीस ठाणे व प्राथमिक आरोग्य केंद्राला जावी, जागा वनखात्याची असेल तर त्यांचा अभिप्राय त्याच अर्जावर घ्यावा. प्रतिबंधित क्षेत्रातून कुणी येणार नाही आणि जिल्ह्यातील रुग्णसंख्या वाढली तर आदल्या दिवशीही परवानगी रद्द करता येईल, या दोन अटी आम्हाला मान्य आहेत. परिपत्रक ७ डिसेंबरपर्यंत निघाले तर फक्की, स्वच्छतागृहे आणि गावच्या संमतीची कामे वेळेत होतील. त्यानंतर आले तर आम्ही मेळावा घेणार नाही. घाईत आखलेल्या मैदानावर ही काळजी घेता येत नाही.

आपले,
राज्यातील हौशी आकाशनिरीक्षक
नोव्हेंबर २०२०