रविवारी गंजीपाशी, साडेसहाला

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला देवगिरी किल्ल्याच्या अलीकडच्या शेतात जमायचं आहे. मालकांची परवानगी घेतली आहे. बांधालगत कडब्याची मोठी गंज आहे, तीच रंगवायची.

निमित्त फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (1840–1926). पोरवयात हा व्यंगचित्रं विकायचा. बुदँ या चित्रकाराने त्याला उघड्यावर बसून रंगवायला लावलं आणि गडी बदलला. पुढे जपानी छापचित्रांचाही नाद लागला. 1890-91 मध्ये घराजवळच्या गव्हाच्या गंजींची त्याने पंचवीसेक चित्रं केली. ऊन सरकलं की हातातला कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे! सावली काळी नाही. निळी, जांभळी, कुठे गुलाबीसर. आपल्याकडे पहाटेच्या कडब्यावरही जांभळी झाक असते, फक्त नजर हवी.

म्हणून काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवा. एकाच जागेवरून तीन छोटे कागद, दर पाऊण तासाने नवा. मागच्या वेळी निम्मे जण फोटो काढून घरी गेले, तसं नको.

टोपी, पाणी, बसायला पोतं आणा. चहा आणि सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) माझ्याकडे. गंजीजवळ विडी-काडी अजिबात नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा.