कोणाच्या चेहऱ्यावर तपासले, तेवढे कळवा

इंदूर
दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय

विषय : 'प्रौढ, मिश्र त्वचेसाठी' म्हणून विकलेल्या फुल कव्हरेज क्रीमबद्दल तक्रार, दाव्याचा आधार कळवणे आणि पैसे परत करणे याबाबत.

महोदय/महोदया,

२ जानेवारीला इंदुरात राजवाड्याजवळच्या एका दुकानातून मी तुमचे फुल कव्हरेज क्रीम घेतले. ३० ग्रॅमची ट्यूब, १,४५० रुपये. बिलाची प्रत, खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो आणि बॅच क्रमांक सोबत जोडला आहे. त्यानंतर तुमच्या ग्राहक सेवेशी दोनदा फोनवर बोलले, २४ जानेवारीला ईमेल केला. त्याचे २९ जानेवारीला जे उत्तर आले ते वाचून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबले आहे, पण पूर्ण वाचूनच उत्तर द्यावे ही विनंती. पहिल्या वेळी माझा ईमेल कोणी शेवटपर्यंत वाचला असेल असे उत्तरावरून वाटले नाही.

माझे वय ५९. कॉलेजात ३१ वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळांच्या कार्यक्रमांचे निवेदन मी तरुणपणापासून करते, अजूनही करते. विशीत नाटकात कामे केली तेव्हा झिंक ऑक्साइडची पूड खोबरेल तेलात कालवून तोंडाला फासली आहे. पुढे पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजने लावायचा मेकअपचा रंग, आला, तोही वापरला. चेहऱ्याला रंग कसा लावावा आणि कसा उतरवावा हे मला माहीत आहे. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्या उत्तराचा निम्मा भाग मला तोंड धुवायला शिकवण्यात गेला आहे.

माझे कपाळ, नाक आणि हनुवटी आजही तेलकट आहेत. गाल मात्र आधीच कोरडे, आणि पाळी थांबल्यापासून त्यांची कातडी पातळ झाली, ओढल्यासारखी राहते. दोन्ही गालांवर वांग आहे. दुसऱ्या बाळंतपणात उठला, तो गेला नाही. तीस वर्षे झाली. तो कमी व्हावा म्हणून काय काय केले त्याची यादी देत नाही. ज्या बायकांना वांग आहे त्यांना ती पाठ असते. त्वचेच्या डॉक्टरांनी मला नीट समजावले होते की नुसते ऊनच नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो, म्हणून आयर्न ऑक्साइडचा रंग असलेले सनस्क्रीन लावत जा. तुमच्या खोक्यावर आयर्न ऑक्साइड होते, एसपीएफ ५० (उन्हापासून संरक्षण किती ते सांगणारा आकडा) होते, 'डाग पूर्ण झाकते', '१६ तास टिकते', 'कपड्यांना लागत नाही' असे होते, आणि या सगळ्याच्या वर मोठ्या अक्षरांत 'प्रौढ, मिश्र त्वचेसाठी'. तीस वर्षांत पहिल्यांदा खोक्यावर माझेच वर्णन छापलेले दिसले. दुकानातल्या मुलीने हाताच्या पाठीवर थोडे लावून दाखवले आणि म्हणाली, "आंटी, ये आपकी एज के लिए ही बना है।" मी लगेच पैसे दिले.

४ तारखेला आमचा नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. दुपारी तीन वाजता घरी आरशापुढे बसून क्रीम लावले. जे खरे ते लिहिते : वांग दिसेनासा झाला. कडा उरली नाही, करडी झाक उरली नाही. मी उठून खिडकीपाशी गेले, उजेडात पाहिले, तिथेही नव्हता. माझा गळा दाटून आला. सून मागे उभी होती, तीही काही बोलली नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. त्या तासाबद्दल तुमच्या क्रीमला मी नावे ठेवणार नाही.

पाच वाजता कार्यक्रम सुरू झाला. मध्यंतरात आतल्या खोलीत आरसा पाहिला तर डोळ्यांखालची एकेक सुरकुती खडूने ओढल्यासारखी पांढरी दिसत होती. निवेदन करणाऱ्याचे तोंड सारखे हलते. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत ज्या घड्या पडतात त्यांत क्रीम गोळा होऊन दोन मळकट रेघा झाल्या होत्या. गाल पिठूळ. नाकावर उलट प्रकार : तेल वर आले होते आणि क्रीम छिद्राछिद्रांत ठिपक्यांसारखे साचले होते. कपाळ तांबूस झाले होते. दुसऱ्या दिवशी फोटो आले. फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक आणि त्याखाली गव्हाळ मान. एका मैत्रिणीने फोनवर विचारले, "तब्येत बरी होती ना गं?"

दोष एका दिवसाचा असू शकतो म्हणून मी ५ ते १४ जानेवारी असे दहा दिवस हे क्रीम रीतसर तपासले. रोज सकाळी नऊला लावायचे. अर्ध्या चेहऱ्याला आधी मॉइश्चरायझर, वीस मिनिटे थांबून मग क्रीम. उरलेल्या अर्ध्याला नुसते क्रीम. पाच दिवस बोटांनी, पाच दिवस ओल्या स्पंजने. अकरा, एक आणि पाच वाजता उत्तरेच्या खिडकीत, फ्लॅशशिवाय फोटो. वहीतली पाने झेरॉक्स करून जोडली आहेत.

मॉइश्चरायझर लावलेल्या बाजूचा गाल दुपारी एकपर्यंत बरा राहतो, पण त्या बाजूची नाकपुडी अकरालाच उघडी पडते. न लावलेल्या बाजूला नाक एकपर्यंत टिकते आणि गाल अकराच्या आत भेगाळतो. दहाही दिवस हेच. स्पंजने थर थोडा पातळ बसतो, सुरकुत्या कमी उठतात, पण मग वांगाची कड दिसू लागते. १६ तास सोडा, संपूर्ण चेहरा एकसारखा असा चार तास एकही दिवस राहिला नाही.

याचे कारण तुमच्याच घटकांच्या यादीत आहे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून ती यादी मी नीट वाचली. पाण्यानंतर सायक्लोपेंटासिलोक्सेन, मग टायटॅनियम डायऑक्साइड, मग टाल्क आणि सिलिका. सायक्लोपेंटासिलोक्सेन उडून जाणारे आहे. लावताना क्रीम रेशमासारखे पसरते ते त्याच्यामुळे. ते उडाले की मागे पूड आणि रंग राहतो. टाल्क आणि सिलिका तेल शोषतात. नाकाला ते हवे असते. गालावर मुळात तेल नसते, तिथे जो काही ओलावा, स्निग्धपणा असतो तोही ते घेतात. त्यात इंदूरची जानेवारी : पहाटे दहा-बारा अंश आणि हवा इतकी कोरडी की हातालाही तेल लावावे लागते. नाकावर कपाळावर तेल सुटले की रंगद्रव्ये त्यात भिजतात आणि गडद, तांबूस दिसतात. आणि फ्लॅशमध्ये पांढरे दिसते ते टायटॅनियम डायऑक्साइडने प्रकाश परतवल्यामुळे. म्हणजे जे बनवले आहे ते तेलकट, तरुण त्वचेचे क्रीम आहे. तसे लिहून विकले असते तर माझी काहीच तक्रार नव्हती. मी घेतलेच नसते.

आता एसपीएफबद्दल, कारण माझ्या दृष्टीने ही गोष्ट सुरकुत्यांहून गंभीर आहे. खोक्यावर लिहिले आहे, 'मटारच्या दाण्याएवढे पुरे' आणि 'एक ट्यूब तीन महिने'. एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. आयएसओ २४४४४ हे मानक तेच सांगते. चेहऱ्याचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटीमीटर धरले तर १.२ ग्रॅम क्रीम लागते. मटारचा दाणा किती भरतो हे पाहायला २३ तारखेला मी सराफ्यात आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. रात्री तिथे खाणाऱ्यांची गर्दी असते, दिवसा मात्र मिलिग्रॅमपर्यंत मोजणारे काटे चालू असतात. बटर पेपरवर तुमच्या चित्रात दाखवला आहे तेवढाच दाणा काढला. ०.२८ ग्रॅम भरला. लागणाऱ्या वजनाचा चौथा हिस्साही नाही. दुसरीकडून मोजा : ३० ग्रॅम तीन महिने पुरवायचे तर रोजचे ०.३३ ग्रॅम होतात, आणि १.२ ग्रॅम लावायचे तर ट्यूब २५ दिवसांत संपते. थर निम्मा-पाव झाला की संरक्षण खूप उतरते. मग खोक्यावरचे कोणते वाक्य खरे धरायचे? 'दाण्याएवढे पुरे' की 'एसपीएफ ५०'?

१.२ ग्रॅम लावूनही पाहिले. दोन थरांत, मध्ये दहा मिनिटे थांबून. हसले तेव्हा तोंडाच्या कडेने थराला चीर गेली. असा चेहरा घेऊन कोणी बाई दारावर आलेल्या माणसासमोरही जाणार नाही, बाहेर जाणे दूरच. त्यामुळे सगळ्या बायका दाण्याएवढेच लावणार आणि ५० चा आकडा वाचून निर्धास्त उन्हात जाणार. वांग असलेल्या बाईसाठी हे धोक्याचे आहे. मी स्वतः त्या दहा दिवसांत वेगळे सनस्क्रीन बंद ठेवले होते, तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून.

२० जानेवारीला सुदामानगरात मैत्रिणीकडे हळदीकुंकू होते. दहा दिवसांत त्यातल्या त्यात जे बरे जमले होते, त्या पद्धतीने क्रीम लावून, वरून पावडर फिरवून गेले. तिळगूळ देताना एका वयस्कर मावशींनी मला जवळ घेतले. त्यांच्या अंगावर फिकट मोतिया महेश्वरी होती, त्यांच्या सासूबाईंची. खांद्यावर माझ्या गालाचा बदामी ठसा उठला. मावशी म्हणाल्या, "असू दे गं, धुतलं की जाईल." साडी ड्रायक्लीनला दिली, डाग फिका झाला, गेला नाही. ती साडी त्यांना पुन्हा कोण आणून देणार? 'कपड्यांना लागत नाही' हे तुम्ही छापले होते म्हणून मी निर्धास्तपणे त्यांच्या गळ्यात पडले. ड्रायक्लीनचे २५० रुपये मी दिले आहेत, पावती जोडली आहे.

आता तुमच्या २९ जानेवारीच्या उत्तराकडे येते. त्यात म्हटले आहे की त्वचेची पूर्वतयारी योग्य नसल्यास असे होऊ शकते, तरी मी तुमच्याच कंपनीचे प्रायमर (क्रीमच्या आधी लावायचा थर) आणि सेटिंग स्प्रे (क्रीम टिकावे म्हणून वरून मारायचा फवारा) वापरावा. दोन्हींची किंमत मिळून २,१०० रुपये, क्रीमहून जास्त. खोक्यावर कुठेही या दोन वस्तूंशिवाय क्रीम चालणार नाही असे लिहिलेले नाही. आणि शेवटचे वाक्य असे : 'वाढत्या वयात त्वचेवर असे परिणाम दिसणे स्वाभाविक आहे.'

हे वाक्य मला लागले. विकताना माझे वय तुम्ही खोक्यावर छापता, आणि क्रीम टिकले नाही की दोष त्याच वयावर टाकता. मला सुरकुत्या आहेत हे मला माहीत आहे, त्या लपवायला मी क्रीम घेतले नव्हते. पण सुरकुत्या असलेल्या चेहऱ्यासाठी बनवले म्हणून जे विकता ते सुरकुत्या असलेल्या चेहऱ्यावर चालले पाहिजे. खोक्यावर जिचा फोटो आहे ती मुलगी पंचविशीच्या पुढची दिसत नाही, तिच्या गालावर एक रेघ नाही.

म्हणून माझी पहिली मागणी पैशांची नाही. हे क्रीम कोणाच्या चेहऱ्यावर तपासले ते मला लेखी कळवा. किती बायका होत्या, त्यांतल्या पन्नाशीच्या पुढच्या किती, पाळी थांबलेल्या किती, मिश्र त्वचेच्या किती, कोणत्या हवेत, किती तास, आणि किती ग्रॅम लावून. नावे नकोत, आकडे हवेत. अशी तपासणी झाली असेल तर ती दाखवायला तुम्हाला अडचण पडू नये. झाली नसेल तर 'प्रौढ, मिश्र त्वचेसाठी' हे शब्द खोक्यावरून काढा. 'मटारच्या दाण्याएवढे' आणि 'एसपीएफ ५०' यांपैकी एक बदला. तोपर्यंत वेगळे सनस्क्रीन लावावे अशी सूचना छापा. क्रीमचे १,४५० आणि ड्रायक्लीनचे २५० असे १,७०० रुपये परत करा. आणि वयाबद्दलच्या त्या वाक्याबद्दल माझी लेखी माफी मागा.

यासाठी पत्र मिळाल्यापासून १५ दिवस देते. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली इथल्या जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहक राहते तिथे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मी पाहून ठेवले आहे. तुमचे कार्यालय दूर आहे म्हणून मी गप्प बसेन असे समजू नये.

ट्यूबमध्ये अजून दोन तृतीयांश क्रीम शिल्लक आहे. ती मी झाकण लावून, खोक्यासकट कपाटात ठेवली आहे. तपासायला हवी असेल तर माणूस पाठवा, पोच घेऊन देईन.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता आणि फोन क्रमांक सोबतच्या बिलाच्या प्रतीवर आहे.)