वाळूत रुतलेली गाडी कशाने ओढावी?

मा. संपादक यांस,
स. न.

सलग सुट्ट्या आल्या की काशिद-नागावपासून मुरूड-गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यांवर गाड्या वाळूत रुतल्याच्या बातम्या येऊ लागतात. त्यांचा रोख पर्यटकांच्या बेपर्वाईवर असतो आणि तो रास्तच आहे. मुळात किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत कासवे अंडी घालतात, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालायला बंदीच आहे. तरीही पावसाळ्यातल्या चिखलवाटा, नदीपात्रातून जाणारे रस्ते आणि घाटमाथ्यावरच्या कच्च्या सडका सगळ्यांनाच टाळता येत नाहीत. गाडी रुतल्याने सहसा कोणी दगावत नाही, परंतु ती चुकीच्या साधनांनी ओढताना माणसे जिवाला मुकू शकतात. या बाजूकडे कोणाचेच लक्ष जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे रिवाज असा, की कोणीतरी होडीचा दोर आणतो, तो बंपरला किंवा सापडेल त्या कडीला गाठ मारून बांधला जातो, आणि ट्रॅक्टर किंवा दुसरी गाडी हिसका देते. दोर बहुधा उन्हाने कडक झालेला आणि वाळूच्या कणांनी आतून कातरलेला असतो, शिवाय गाठीमुळे त्याची ताकद आणखी घटते. ताणलेला दोर तुटला किंवा त्याने कडी उपटली, तर दोरात साठलेला सगळा जोर त्या सुट्या लोखंडाला मिळतो आणि ते गोळीसारखे सुटते. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीमागे बसवलेल्या गोळ्याला दोर अडकवल्यामुळे ऑस्ट्रेलियात असे मृत्यू झालेले आहेत. गाडीसोबत मिळणारी, बंपरमध्ये पिळून बसवायची कडी सपाट रस्त्यावर बंद गाडी हळू ओढून नेण्यापुरती असते. रुतलेल्या गाडीला हिसके देण्यासाठी ती केलेली नसते. ओढ नेहमी चासीला पक्क्या बोल्टांनी जोडलेल्या हुकालाच द्यायला हवी, आणि असा हुक आपल्या गाडीला आहे की नाही हे घर सोडण्यापूर्वी पाहून ठेवायला हवे.

दोरांतही फरक आहे. गाडी ओढायचा साधा पॉलिएस्टरचा पट्टा फारसा ताणला जात नाही, म्हणून त्याने सावकाश आणि सलगच ओढावे. हिसक्याने काढायची असेल, तर नायलॉनचा ताणला जाणारा दोर लागतो; बाजारात त्याला कायनेटिक रोप म्हणतात. तो स्वतः लांबतो आणि धक्का मऊ करून गाडीला देतो. दोर हुकाला जोडणारी, आडव्या पिनेने बंद होणारी यू-आकाराची लोखंडी आकडी म्हणजे शॅकल; तिच्यावर तिची भारक्षमता कोरलेली असते. पाऊण इंची चांगल्या शॅकलवर 4.75 टन असे लिहिलेले आढळते. काहीच लिहिलेले नसेल, तर ती या कामाला घेऊच नये. दोन दोर शॅकलने एकमेकांना जोडणे हा तर मधोमध तोफगोळा बांधून ठेवण्याचा प्रकार आहे. दोरावर जड कांबळे किंवा ओले पोते टाकावे, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतरावर उभे करावे. मोबाइलवर चित्रण करणारे नेमके दोराच्या रेषेतच उभे असतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

खरे तर दोरापर्यंत वेळ येण्याआधीच बहुतेक गाड्या निघू शकतात. त्यासाठी हवा मोजण्याचे यंत्र, फावडे आणि बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर पुरेसा असतो. टायरमधली 32 पीएसआय हवा 18 पर्यंत उतरवली, की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, वजन पसरते आणि चाक वाळू उकरण्याऐवजी तिच्यावरून चालू लागते. 15 च्या खाली मात्र जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा पुन्हा भरावीच लागते. मऊ टायर वेगाने पळवला तर तापून फुटतो. चाकांपुढची वाळू उपसून खाली फळ्या घालणे हे पुढचे पाऊल. यातले काहीच न करता ॲक्सिलरेटर दाबत राहिले, की गाडी पोटावर बसते आणि मग ट्रॅक्टरलाही घाम फुटतो.

गाडी दणकट दिसते म्हणून ती कुठूनही निघेल, हा समजही सोडायला हवा. थारसारखी गाडी चारही चाकांना जोर देणाऱ्या प्रकाराबरोबरच 2023 पासून केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते आणि दिसायला दोन्ही प्रकार जवळपास सारखेच. छतावर दिव्यांची माळ लावणाऱ्या किती जणांकडे साधे फावडे असते, याची मला शंका आहे. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, विजेरी आणि पिण्याचे पाणी यांबद्दल वेगळे सांगायला नको.

किनाऱ्यावर याला भरतीची जोड मिळते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा वर चढते आणि ओली झालेली वाळू चाकाखालून सरकत राहते. गाडीत पाणी शिरलेच, तर बाहेर काढल्यावर ती सुरू करून पाहू नये; सिलिंडरमध्ये पाणी असेल तर इंजिन जागीच मोडते आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. अशा गाड्या विकणाऱ्यांनी गाडी ताब्यात देताना ओढायचे हुक कुठे आहेत आणि कोणती कडी त्यासाठी नाही, हे ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावे. आणि ज्या किनारी ग्रामपंचायती पार्किंगचे पैसे घेतात, त्यांनी प्रवेशाच्या जागी त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहाव्यात आणि एक चांगला दोर, क्षमता कोरलेल्या दोन शॅकल, फावडी व फळ्या जाणत्या माणसाच्या ताब्यात ठेवाव्यात. आज गाड्या ओढायला धावणारी गावातली मुले स्वतः त्याच दोराशेजारी उभी असतात, तेव्हा हा खर्च पार्किंगच्या उत्पन्नातून करायला हरकत नसावी.

आपला,
एक वाचक, दापोली