बाप काय काम करतो, हे विचारा
मा. संपादक,

माझा भाचा चार वर्षांचा. सहा महिने झाले त्याचं सारखं पोट दुखायलं होतं, भूक नाही, शौचाला कडक, नुसती चिडचिड. दोनदा जंताचं औषध झालं, रक्त कमी म्हणून लोहाचं सिरप झालं, बहिणीनं मीठमिरच्या उतरवून पाहिल्या. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरनी विचारलं, लेकराचा बाप काय काम करतो?

दाजी बॅटरीचं काम करतेत. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटा काढायच्या, अन् संध्याकाळी त्याच कपड्यावर घरी येऊन पहिलं लेकराला उचलून घ्यायचं, म्हणजे शिशाची धूळ रोज घरात येत होती आणि आम्ही जंत शोधत बसलो. रक्त पुण्याच्या लॅबला पाठवलं, दर डेसीलिटर (100 मिली) रक्तात शिसं 23 मायक्रोग्रॅम निघालं. 5 च्या वर असलं की ते कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि त्याच्या खालचंही सुरक्षित नाहीच. युनिसेफच्या 2020 च्या अहवालात जगातली जवळपास 80 कोटी लेकरं या 5 च्या वर आहेत, म्हणजे दर तिसरं लेकरू. मोठ्यांच्या चौपट-पाचपट शिसं लहान लेकराचं अंग ओढून घेतं अन् घाव बसतो तो मेंदूवर.

आम्ही म्हणलं सलाईन लावा, इंजेक्शन द्या (आपल्याकडं सुई टोचल्याशिवाय बरं वाटतच नाही). डॉक्टर म्हणाले शिसं बाहेर काढायची औषधं सहसा 45 च्या पुढं देतात, इथं धूळ थांबवणं हेच औषध. आता दाजी दुकानावरच आंघोळ करून, कपडे बदलून येतेत, ते कपडे वेगळे धुतो, झाडूनं धूळ उडवायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं पुसतो, लेकराला उपाशीपोटी ठेवत नाही कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त भिनतं. लोह, दूध, तीळ चालूच. चार महिन्यांनी आकडा 16 वर आला. डोक्याला किती लागलं असेल विचारलं तर डॉक्टर गप्प बसले.

2022 च्या नियमानं जुन्या बॅटऱ्या नोंदणीवाल्या रिसायकलरकडंच जायला पाहिजेत, जातात मात्र भंगारात. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून आहे, पण वाड्यांच्या जुन्या दारांचे पोपडे कोण मोजतंय? आणि आमच्या हळदीच्या मुलखात सांगायला लाज वाटते, पण हळकुंडाला पिवळंधमक करायला लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) चोळणारे व्यापारी बांगलादेशात सापडले होते, तिथल्या सरकारनं 2019 पासून धाडी टाकून ते जवळपास बंद पाडलं. इथं तपासणी किती होते ते छापा.

अंगणवाडीत तपासायला येणारी टीम वजन-उंची लिहून घेते. त्याच कागदावर बापाच्या धंद्याचा एक रकाना टाकायला किती खर्च येतो? आणि ही रक्ततपासणी मराठवाड्यातल्या कोणत्या सरकारी दवाखान्यात होते, तेवढं सिव्हिल सर्जनांना विचारून तुमच्या पेपरात द्या. दाजींच्या शेजारी अजून दोन दुकानं आहेत, दोन्हीकडं लेकरं आहेत, त्यांना पुण्याचा खर्च झेपणार नाही.

एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)