एकच बँड आला

प्रिय मंद्या,

काल संध्याकाळी जेल (ज्यावर प्रोटिन्स वेगवेगळी होऊन पट्ट्यांसारखी दिसतात) स्कॅन केलं आणि पहिल्यांदा तुझीच आठवण झाली, कारण घरी सांगितलं तर "छान, आता जेवून घे" एवढंच येणार. अरे, तुझ्या त्या ॲक्रिलामाइडवाल्या (प्रोटीनला चिकटणारा डबल बाँड असलेल्या) औषधी कंपाउंडला अल्काइनची शेपटी, म्हणजे खूण पकडायचा हुक, लावली, जिवंत पेशींवर टाकलं, पेशी फोडल्या, मग कॉपर घालून त्या शेपटीला चमकणारा अझाइड क्लिक केला, म्हणजे कंपाउंड ज्या प्रोटीनला चिकटलंय ते चमकतं. कमी डोसच्या लेनमध्ये एकच बँड, म्हणजे एकच प्रोटीन! बायोटिनवाला अझाइड लावून बीड्सवर ओढलं आणि प्रोटीन ओळखायला मास स्पेकला दिलं तर तेच आपल्याला हवं होतं ते किनेज एन्झाइम, नाव इथे लिहीत नाही, तुला कळलंच असेल. कंपाउंड ज्याला चिकटतं ते त्यातलं सिस्टीन (अमिनो आम्ल) बदलून सेरीन केलेल्या पेशींत तो बँड गायब. मी वैदेहीला मिठीच मारली.

पण सोमवारी मीटिंग आहे आणि वरच्यांना हे कंपाउंड बंद करायचंय. कारण काय तर ते कोव्हॅलंट आहे, म्हणजे प्रोटीनशी रासायनिक बाँड करून चिकटूनच बसतं, बस. तुझंच वाक्य रे, पाषाणच्या टपरीवरचं: औषधाने यावं, काम करावं, निघून जावं, डिंकासारखं चिकटून बसू नये. तेव्हा मी ॲस्पिरिनचं उदाहरण काढलं होतं, ते कॉक्स एन्झाइमच्या सेरीनला ॲसिटाइल लावतं आणि प्लेटलेटला न्यूक्लियस नाही म्हणून ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, मरेपर्यंत बंद. मग पेनिसिलिन. तू म्हणालास ही दोन्ही योगायोगाने सापडली, ठरवून कोण करतं? मग २०१३ ला इब्रुटिनिब हे कॅन्सरचं औषध मंजूर झालं, बीटीके या किनेजच्या ४८१ नंबरच्या सिस्टीनला ठरवून धरणारं, आणि त्याच वर्षी केमिस्ट केव्हन शोकाटच्या लॅबने कॅन्सरमध्ये बिघडलेल्या के-रास या प्रोटीनचं १२ नंबरच्या जागेवरचं सिस्टीन पकडून दाखवलं. माणसाच्या कॅन्सरमध्ये रास सापडलं १९८२ ला, इतकी वर्षं हात ठेवायला जागा मिळत नव्हती, आणि २०२१ ला तेच सिस्टीन धरणारं औषध सोटोरासिब आलं. त्या रात्री तू फोन करून "हरलो" म्हणालास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही!

तर चिकटण्याबद्दल माझं म्हणणं तेच आहे, कोणाला चिकटतं आणि किती डोसला ते विचारा. पण झोप उडालीय ती त्यामुळेच, कारण डोस दहापट केला की खाली अजून बँड दिसतात, पुसट, पण आहेत. आणि मीटिंगमध्ये कोणीतरी पॅरासिटामॉल काढणारच, ओव्हरडोसमध्ये लिव्हरमधलं ग्लुटाथायोन (असे चिकटे रेणू निकामी करणारं) संपतं आणि मग पॅरासिटामॉलपासून बनलेलं ते एनएपीक्यूआय तिथल्या प्रोटिन्सना धरतं. बरोबरच आहे ते, माणसं मरतात त्याने. आपलं कंपाउंड ग्लुटाथायोनबरोबर तासन् तास तसंच राहतंय, पण बाटलीतलं ग्लुटाथायोन म्हणजे लिव्हर नाही ना? आधी बिनशेपटीचं कंपाउंड देऊन मग शेपटीवालं टाकलं तर ते खालचे बँड जातात का हे आज लावलंय. गेले तर खरेच टार्गेट आहेत आणि मग माझी पंचाईत. राहिले तर शेपटीचा नाहीतर रंगाचा कचरा.

तुझ्याकडून एक हवंय. ज्या डबल बाँडने ते चिकटतं तो काढलेला जोडीदार तू बनवला होतास, फ्रीझरमध्ये "हात लावाल तर खबरदार" लिहिलेली ती बाटली अजून आहे आणि अजून कोणी हात लावलेला नाही, तुझा दरारा बघ. त्याचा एनएमआर आणि एचपीएलसी (तो खरंच तोच आणि शुद्ध आहे हे दाखवणारे रिपोर्ट) कुठल्या नोटबुकात आहे? त्याच्याने पेशी जगल्या तर पेशी त्या बाँडमुळेच मरतायत हे दाखवता येईल, आणि तेवढं हातात असलं तर मी सोमवारी कोणाशीही भांडेन. हे कंपाउंड फाइलमध्ये पडून राहिलेलं मला सहन होणार नाही रे.

माझी पाठ बरी आहे. काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? चिनूला जर्मन शाळा जमतेय ना? बाझेलची थंडी वगैरे भेटल्यावर.

जेलचे फोटो वेगळे पाठवतेय, शेवटच्या दोन लेन नीट बघ आणि खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. रविवारी फोन करते, तुमची सकाळ असेल, उचल.

तुझी,
शुभा